एका घराची लाइन

औंधवरून माणच्या बाजूला निघालं की आधी ऊस संपतो, मग ज्वारी विरळ होते, आणि जिथं नुसता माळ उरतो तिथं आमचं गाव आहे. या गावाचा मी केबलवाला. होतो, असं म्हणायला हवं, पण गावात मला अजून त्याच नावानं ओळखतात. साताऱ्याला बी. ए. केलं, नोकरी काही लागली नाही, म्हणून घराच्या माडीवर मोठी छत्री बसवली आणि गल्लोगल्ली वायर ओढली. डिश अँटेना वगैरे कागदावर. गावात ती छत्रीच.

त्या काळात मला मान होता हे कबूल करतो. क्रिकेटच्या मॅचला लाइन गेली तर माझ्या दारात जत्रा भरायची. पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकती सोडायची सोय माझ्याकडे होती. तिच्यावर मी गावच्या बातम्या टाकायचो. टँकर उद्या सकाळी आठला देवळापाशी. अमक्याची शेळी हरवली आहे, कपाळावर पांढरा ठिपका. तलाठी मंगळवारी येणार नाहीत. वर दिल्लीत काही का चाललेलं असेना, लोकांची नजर खाली पट्टीवर असायची. टँकरची वेळ चुकली तर बायका रस्त्यात अडवून मला फैलावर घ्यायच्या. त्यामुळं बातमी चुकीची गेली की ज्याचं नुकसान होतं तो माणूस दुसऱ्या दिवशी समोर उभा राहतो, हे मला फार लवकर कळलं. पडद्यावरच्या मंडळींना हे कधीच कळलं नाही, कारण त्यांच्या समोर कोणी उभं राहायला जात नाही.

मग ती चोवीस तासांची बातम्यांची चॅनेलं आली. पहिली काही वर्षं मीही कौतुकानं बघायचो. पण पुढं पुढं बातमी राहिली बाजूला आणि सांगणाराच मोठा झाला. सूट घातलेला एक माणूस मधोमध, त्याच्या भोवती आठ चौकटींत आठ माणसं, आणि नऊही जण एकाच वेळी बोलतायत. तो दर दोन मिनिटांनी म्हणणार की देशाला उत्तर हवंय. आमच्या गल्लीत एक आक्का राहते, मेंढपाळाच्या घरातली. नवरा होता तोवर दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठापर्यंत चालत जायची, लोकांच्या रानात खतासाठी कळप बसवायची आणि पावसाच्या तोंडाला परत यायची. मी तिच्याकडं पहिल्यांदा टीव्ही जोडला तेव्हा तिनं तो सूटवाला पाच मिनिटं नीट बघितला आणि मला विचारलं, "का वरडतोय ह्यो एवढा? ह्याच्या घरी कोन मेलंय का?"

मी हसलो होतो. पुढं ते हसू गेलं.

आमच्या गावात दर दुसऱ्या-तिसऱ्या घरातला एक पोरगा फौजेत आहे. पाणी नाही, शेती नाही, मग मुंबई नाहीतर पलटण. पंधरा-सोळा वर्षांमागं एका पहाटे सरपंच माझ्या घरी आले. गावचा एक जवान सीमेवर मारला गेला होता. त्याच्या थोरल्या भावाला युनिटमधून फोन आला होता. भाऊ पुण्याहून निघाला होता, आणि तो येईपर्यंत, जवानाच्या बायकोला नीट सांगेपर्यंत, घरात हे कळता कामा नये असं मोठ्यांनी ठरवलं होतं. सरपंच एवढंच म्हणाले की लाइन बंद कर, कोणी विचारलं तर छत्री वाऱ्यानं फिरली म्हण.

मी बटण बंद केलं. सगळ्या गावाचा टीव्ही गेला.

मग छत्री बिघडली आहे हे लोकांना दिसायला हवं, म्हणून मी पाना घेऊन गच्चीवर चढलो. खाली उतरलो तर दहा जण विचारणार, म्हणून दिवसभर वरच बसलो. एकच नट काढायचा आणि परत बसवायचा. त्या जवानाचं घर माझ्या गच्चीवरून स्वच्छ दिसायचं. त्याची बायको पत्र्यावर कुरडया वाळत घालत होती. एक एक कुरडई उलटी करत होती. दुपारी तिनं मान वर करून मला हाक मारली.

"आवं, कवा येतोय टीव्ही?"

"येतोय, येतोय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पुन्हा कुरडयांकडं वळली. संध्याकाळी तिचा दीर आला.

आता एक गोष्ट लिहितो, जी आजवर कोणाला सांगितलेली नाही. गच्चीवर बसलो असताना वाईट वाटत होतंच, पण त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठंतरी मला आपण मोठे झाल्यासारखंही वाटत होतं. गावात सगळ्यांच्या आधी मला माहीत होतं. सगळ्या गावाचं तोंड बंद करणारं बटण माझ्या हातात होतं. ते वाटणं पाच-दहा मिनिटंच टिकलं असेल, पण होतं. म्हणून सूटवाल्यांना शिव्या देताना मी जरा जपून देतो. त्या खुर्चीची चटक काय असते ते मी गच्चीवर पाना हातात घेऊन चाखलेलं आहे.

त्याच दुपारी मला फोनही आला. कुठल्याशा चॅनेलवरून एक मुलगी बोलत होती. माझा नंबर तिला साताऱ्याच्या मोठ्या केबलवाल्याकडून मिळाला होता. तिला जवानाची आई नाहीतर पत्नी लगेच फोनवर हवी होती, त्यांचे सर थेट बोलणार होते. मी तिला हळू आवाजात सांगितलं की घरात अजून माहीत नाही, कृपा करा. पलीकडं ती कोणाशी तरी बोलली. मग परत येऊन अगदी गोड आवाजात म्हणाली, "मग आमच्या सरांकडूनच कळू द्या ना. सर खूप संवेदनशीलपणे सांगतात."

मी फोन बंद करून खिशात ठेवला. तोच नट पुन्हा काढायला घेतला.

त्या मुलीचा मला आता राग येत नाही. नोकरी करत असेल. पण ज्या माणसाला मनापासून असं वाटतं की एखाद्या बाईला तिच्या नवऱ्याचं मरण आपल्या तोंडून कळणं हा तिचा मान आहे, त्या माणसाला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

एकच वेळ आली असती तर निभावलं असतं. दोन वर्षांनी पुन्हा सरपंच आले. पुन्हा बटण, पुन्हा पाना. या वेळी मात्र दुपार व्हायच्या आतच बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणी काही विचारत नव्हतं. जिची जिची पोरं फौजेत, ती ती माझ्या गच्चीकडं बघत होती. त्यांना कळून चुकलं होतं. गावात टीव्ही गेला म्हणजे कोणाचा तरी पोरगा गेला, आणि कोणाचा ते अजून सांगायचं राहिलं आहे. लपवायला काढलेली युक्ती हीच आता बातमी झाली होती.

त्यानंतर मला साधी दुरुस्तीही करता येईना. पाऊस येऊन लाइन गेली तरी दोन-चार जणी भिजत अंगणात येऊन उभ्या राहायच्या. म्हणून मी एक नियम केला. लाइन बंद करण्याआधी फौजेतल्या पोरांच्या प्रत्येक घरी स्वतः जायचं आणि सांगायचं की काम आहे, दोन तास टीव्ही बंद राहील, काळजीचं काही नाही. अकरा घरं होती. माझी बायको म्हणायची की तुम्ही केबलवाले कमी आणि दवंडीवाले जास्त झालात. ती होती तोवर ती निम्म्या घरांना जायची, मी निम्म्या. ती गेल्यावर अकराही मी एकटाच करायला लागलो. आक्काचं घर सगळ्यात शेवटी, कारण तिथं चहा मिळायचा. तिचा एकुलता एक मुलगा तोवर भरती झाला होता. मेंढरं विकली होती. आक्काही एकटी, मीही एकटा. पण आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही, चहा प्यायचो आणि मी उठायचो.

माझी बहीण सांगलीत नदीजवळ राहते. महापुरात त्यांच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा ती आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या वरच्या मजल्यावर अडकल्या. तिसऱ्या दिवशी गल्लीत एक होडी आली. तिच्यात केशरी जॅकेट घातलेला टीव्हीवरचा एक प्रसिद्ध माणूस, एक कॅमेरावाला आणि माईक धरणारा. जागा भरलेली. होडी बहिणीच्या खिडकीखालून गेली आणि तो माणूस कॅमेऱ्याला सांगत होता की इथवर सगळ्यात आधी आम्ही पोहोचलोय. बहीण नंतर मला म्हणाली, सगळ्यात आधी तर पाणी पोहोचलं होतं, दादा. त्या माणसाचा तो कार्यक्रम इकडं माझ्याच वायरीतून गावभर दिसत होता. मी माडीवर बसून बघत होतो आणि मागच्या खिडकीत माझी बहीण दिसते का ते शोधत होतो. दिसली नाही. सगळ्या पडद्यावर तोच होता.

हळूहळू घरं कमी झाली. कोणी आपापली छोटी डिश लावली, पोरांनी मोबाइल आणले. अलीकडं सीमेवर वातावरण तापलं तेव्हा माझ्याकडं जेमतेम सात घरं उरली होती, आणि त्यात आक्का.

त्या चार दिवसांत पडद्यावर जे चाललं होतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. स्टुडिओत भोंगे वाजवत होते. जमिनीवर नकाशा काढून त्यावर बूट घालून फिरत होते. सकाळी एक शहर घेतलं, दुपारी दुसरं घेतलं, संध्याकाळी पहिल्या शहराचं नावही कोणी काढेना. चूक झाली असं म्हणायला कोणाची जीभ वळत नव्हती. आणि प्रत्येक जण छाती पुढं काढून असा उभा, की लढाई यांच्याच जिवावर चालली आहे.

आक्का जेवेना. मी दुपारी गेलो तर टीव्हीसमोर भिंतीला टेकून बसलेली, भाकरी झाकलेली तशीच. मुलाचा फोन बारा दिवस आला नव्हता. तो कुठं आहे तेही तिला माहीत नव्हतं. पडद्यावरचा माणूस सारखा म्हणत होता, सूत्रांकडून कळतंय. तिनं मला विचारलं की ही सूत्रं कोण असतात, त्यांना माझ्या पोराचं ठाऊक असेल का. मी म्हणालो, त्यांना स्वतःचंही ठाऊक नसतं, बंद करा हे. ती म्हणाली, बंद केल्यावर कसं कळंल?

मी घरी आलो. माडीवर गेलो. तिथल्या छोट्या पडद्यावर तोच माणूस होता, आणि भोंगा परत वाजला. माझं डोकं फिरलं. मी त्याला एक शिवी घातली आणि बटण बंद केलं. यंत्रातला पंखा थांबला, खोलीत शांत झालं आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच खुर्चीत डोळे मिटून बसलो.

अकरा घरांचा नियम मी साफ विसरलो होतो.

अर्ध्या तासानं खाली आलो तर आक्का माझ्या पायरीवर बसली होती. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर, हात मांडीवर. रडत नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"कवा आनत्यात?" ती म्हणाली.

क्षणभर मला कळलं नाही ती काय विचारतेय. मग कळलं, ती पोराला कधी आणतात ते विचारत होती. मी तिच्याशेजारी खाली बसलो. सांगितलं की आवं आक्का, कोणाला काही झालेलं नाही, मीच बंद केला, रागानं केला, त्या ओरडणाऱ्याच्या रागानं. देवीची, माझ्या मेलेल्या बायकोची, पुण्यातल्या मुलीची, सगळ्यांची शपथ घेतली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्या पोरीलाबी तू आसंच सांगितलं हुतंस," ती म्हणाली. "येतोय, येतोय म्हनून."

 मी वर पळत गेलो, लाइन चालू केली, तिला म्हणालो घरी चला, बघा, चालू झालंय. ती उठली नाही. शेजारपाजारचे आले, सरपंच आले, सगळ्यांनी सांगितलं. आक्काच्या लेखी ते सगळे ठरवून आलेले होते, कारण आम्ही गावकरी असं ठरवून येतो हे तिनं दोनदा पाहिलेलं होतं. चॅनेलवाल्यांनी खोटं सांगितलं ते स्वतःला मिरवायला, आणि आम्ही सांगितलं ते मायेपोटी, हा फरक मला मोठा वाटत होता. पायरीवर बसलेल्या बाईला त्या फरकाचा काही उपयोग नव्हता. दिवस मावळल्यावर शेजारणीनं तिला हाताला धरून घरी नेलं.

मुलाचा फोन तिसऱ्या दिवशी सकाळी आला. मी तिथंच होतो. आवाज ऐकूनही तिचा विश्वास बसेना. आजकाल माणसाचा हुबेहूब खोटा आवाजसुद्धा करतात म्हणे, असं तिनं कुठं ऐकलं होतं. टीव्हीवरच ऐकलं असणार. तिनं विचारलं, आपल्या काळ्या मेंढीचा कंचा कान कापलेला हुता? पलीकडून पोरगा आधी हसला, मग म्हणाला, डावा, आन तू विचारतीस का आसं? तेव्हा तिनं फोन माझ्या हातात दिला आणि चुलीपाशी जाऊन दोन दिवसांपूर्वीची वाळलेली भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली.

मला ती एका शब्दानं बोलली नाही. फक्त म्हणाली की इथून पुढं टीव्ही घालवू नको. आवाज नसला तरी चालंल, पन चित्र दिसू दे.

तेव्हापासून तिच्या घरी टीव्ही चोवीस तास चालू आणि मुका. चित्र हलतंय म्हणजे पोरगा आहे. बाकीची सहा घरंही गेली, पण मी तिच्या एका घरासाठी यंत्र चालू ठेवलं. इन्व्हर्टर बसवला, वायरीवर वाढलेल्या फांद्या छाटत राहिलो. तिकडं तो सूटवाला हात नाचवत सांगायचा की सारा देश त्याला बघतोय. आमच्या गावात त्याला बघणारी ती एक होती, तीही आवाज बंद करून, ज्वारी निवडत. आणि माडीवर मी होतो, तोही आवाज बंद करून. पुष्कळदा मला वाटायचं की आता तीही मान वर करून पडद्याकडं बघत असेल.

आता सिग्नल साताऱ्याच्या मोठ्या केबलवाल्याकडूनच यायचा. मागच्या उन्हाळ्यात त्यांचं सांगणं आलं की एका घरासाठी लाइन चालवणं त्यांना परवडत नाही, महिनाअखेर ते बंद करणार. मी खूप विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही. दुसरी डिश लावून देतो म्हणालो असतो, पण पावसाचा ढग आला तरी तिचं चित्र जातं, आणि ते चालू-बंद होणं माझ्या हातात राहिलं नसतं. शेवटी माझ्या नियमाप्रमाणं मी आधी जाऊन आक्काला सांगायचं ठरवलं.

तिनं चहा दिला. मी सांगितलं. 

"मग तूच येत जा," ती म्हणाली. "रोज सकाळी ये, आन काय झालं न्हाई म्हनून सांगून जा. ज्या दिवशी येनार न्हाईस, त्या दिवशी मी काय ते समजीन."

मी म्हणालो, पण आक्का, मी सांगितलेलं तुम्हाला खरं कसं वाटणार? ती म्हणाली, रोज रोज येऊन खोटं सांगायला मानसाला लय जड जातंय, टीव्हीवाल्याला तसं तोंड बघावं लागत न्हाई.

तेव्हापासून रोज सात वाजता मी जातो. त्याआधी मुलाच्या युनिटातल्या गावच्या दुसऱ्या एका पोराला निरोप टाकतो, उत्तर आलं तर बघतो, नाही आलं तर तसंही सांगतो. आक्का दारात उभी असते. मी म्हणतो, आज काय न्हाई आक्का. ती म्हणते, बरं. मग चहा. टीव्ही कोपऱ्यात आहे, त्यावर तिनं पोत्याचा तुकडा टाकलाय. घरी येऊन माडीवर गेलो की त्या बंद यंत्रासमोर काय करावं ते मला सुचत नाही. पंख्याची घरघर इतकी वर्षं ऐकली की आता ती नसल्याचंच ऐकू येतं.

मुलगी पुण्याहून सारखी बोलावते. दोन दिवस तरी या म्हणते. मी काही ना काही कारण काढतो. गेल्या आठवड्यात ताप होता, तरी कानाला मफलर गुंडाळून गेलो, आक्का दारातच होती, मला वळणावर बघितल्यावर आत गेली. तापात पडल्या पडल्या एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी एखाद्या सकाळी आलो नाही, तर आक्काला वाटणार तिचा मुलगा गेला. म्हातारा केबलवाला मेला असेल, असं तिच्या मनातही येणार नाही.

म्हणून शेजाऱ्याला सांगून ठेवलंय, आणि माडीच्या दाराला आतून एक चिठ्ठीही लावून ठेवली आहे. माझं काही झालं तर आधी आक्काकडं जा, तिला सांगा की पोरगा ठीक आहे. माझ्या मुलीला त्यानंतर फोन करा.